टेक्सासातलं लोटलेलं दार

मी निघाले त्या दिवशी लालबागच्या चाळीतला आमचा अख्खा मजला गॅलरीत उभा होता. बॅगा खाली टॅक्सीत गेल्या, आईने हातावर दही घातलं. ती मला सोडायला विमानतळावर येणार होती, म्हणून मी खोलीला कडी घालायला वळले, तर मलाच झापलं तिने. "दार लोटून घे गो. कडी घातलंस तर शेजाऱ्यान येवचां कसां?" घरात कुणी नसताना शेजाऱ्याने यायचंच कशाला, हा प्रश्न आमच्या मजल्यावर कुणाला पडत नसे. तो यायचा, नळ वाहत असेल तर बंद करायचा, आपली वाटी आपणच शोधून घेऊन जायचा. तुम्हा सगळ्यांना हे सांगायला नको. तुम्हीच ते शेजारी.

आता मी टेक्सासात राहते. पुढे लॉन, मागे डेक, आणि शेजारी इतक्या अंतरावर की त्याच्या घरात आज काय शिजलंय ते वासावरून कळत नाही. इथे बहुतेक मोठ्या माणसांना कपड्याखाली पिस्तूल लपवून फिरायची मुभा आहे, त्यासाठी वेगळं लायसन्सही लागत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. मग हळूहळू माझं तोंडच बंद झालं. गिरणगावातली मी, रांगेत कुणी घुसला तर त्याचे सात पिढ्यांचे पूर्वज काढणारी! इथे पार्किंगमध्ये कुणी माझी जागा ढापली तर मी मुकाट्याने पुढे जाते. त्याच्या शर्टाखाली काय आहे कुणास ठाऊक. लोक म्हणतात, इथली माणसं किती अदबीने वागतात. बाई गं, भीतीलाही लांबून अदबच म्हणतात.

संदेश, माझा नवरा, परळचा. आमच्या गल्लीत एका घरी चोरी झाली आणि त्याच्या डोक्यात बसलं की आपल्याकडेही 'एक' हवं. "समोरच्याकडे असेल या धाकानेच चोर दबकतो," असं त्याचं म्हणणं. मी म्हणायचे, चोराकडेही असेलच की, मग तो आधी चालवेल. ऑफिसात दोन्ही बाजूंचे लोक आकडे तोंडावर फेकतात. कुणी म्हणतं गुन्हे घटतात, कुणी म्हणतं वाढतात, आणि मला दोघांचंही खरं वाटतं. शेवटी शनिवारी पिस्तुलांच्या दुकानात जाऊन बघून यायचं ठरलं. हो, मीही मान डोलावली होती.

आई तेव्हा इथेच होती, सहा महिन्यांच्या व्हिसावर. त्याच आठवड्यात एका सकाळी तिने घावणे काढले, आणि पहिला घाणा शेजारी, ही तिची रीत. शेजारी म्हणजे बिल, सत्तरीतला एकटा माणूस. बायको गेल्यापासून बागेत खुरपत बसतो, आईला लांबून हात करतो. मी चटणी वाटत होते. वळून बघते तर ओट्यावर ताट नाही आणि आई नाही. खिडकीतून दिसली ती बिलच्या स्वयंपाकघराच्या दाराशी. ते नुसतं लोटलेलं होतं. लोटलेलं दार म्हणजे 'या', एवढंच तिला ठाऊक. ढकललं आणि गेली आत!

मी अनवाणी धावले. दारात पोचले तेव्हा बिल आतल्या खोलीतून आला होता, उजवा हात शर्टाखाली कमरेवर. त्याचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. आणि माझी आई, ताट पुढे करून, त्याला दटावत होती, "गरम आसा रे, आधी खा!"

त्याचा हात हळूच बाहेर आला. रिकामा. मग तो खुर्चीवर बसला. "मला आधी ताट दिसलं," तो एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. दोन वर्षं मी या माणसाशी टोमॅटोच्या रोपांवर गप्पा मारल्या होत्या. याच्या कमरेला काय असतं, मला पत्ताच नव्हता. चाळीतली सवय म्हणून आत गेलेली माझी आई त्याच्या कायद्यात घुसखोर होती. गोळी सुटली असती तर कायदा बहुधा त्याच्याच बाजूने उभा राहिला असता. आणि तो वाईट माणूस नाही हो! वाईट असता तर सोपं होतं.

घरी आल्यावर संदेश म्हणाला, "बघ, म्हणूनच आपल्याकडेही..." मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. "उद्या बिल असाच ताट घेऊन आपल्या दारात आला, तर तुला आधी काय दिसेल? ताट की घरात घुसलेला माणूस?" शनिवारी आम्ही दुकानात गेलो नाही. मी सांगून टाकलं, या घरात ती वस्तू येणार नाही. आपली नाही, आणि पाहुण्याचीही नाही.

गणपतीला बिलला बोलावलं, तेव्हा आमच्या दारातच हे त्याच्या तोंडावर सांगितलं. तो रागावला असता, आलाच नसता, तर एकुलता एक शेजारी गमावला असता. तो तसाच वळून घरी परत गेला. मला वाटलं, संपलं. थोड्या वेळाने आला. एका हातात आमचं ताट, त्यात त्याच्या झाडाचे पेकान, आपल्या अक्रोडासारखे. ताट रिकामं परत करायचं नसतं हे त्याला आईनेच हातवारे करून शिकवलं होतं. दुसऱ्या हाताने तो शर्ट वर करून मोकळी कंबर दाखवायला लागला. आईने डोळ्यांवर पदर घेतला. "अरे मेल्या, देव बसलो आसा थंय!"

चाळ आता पडली. तुम्ही सगळे टॉवरमध्ये गेलात, सेफ्टी डोअर, पीपहोल, कॅमेरा. परत गेल्यावर आईने तिथूनच फोनवर सांगितलं, शेजारी कोण राहतं ते अजून कळलेलं नाही. मी तुम्हाला नावं ठेवत नाही, रात्री मीही कुलूप लावतेच. पण घर कुठे असं मला आता कुणी विचारलं, तर मी लालबाग म्हणत नाही आणि टेक्सासही म्हणत नाही. जिथे आत येणाऱ्याचं आधी ताट दिसतं, ते माझं घर. ते मी इथे टिकवणार आहे, एका शेजाऱ्यापुरतं का होईना.

दिवसा आमचं मागचं दार लोटलेलंच असतं. बिल अजूनही टकटक करतो. आईने सांगितलंय, त्याची ती सवय मोडायची.