बुडालेली नायिका परत येते तेव्हा

थिएटरच्या दारावर तिकिटं फाडणाऱ्या माणसाला पिक्चर कमी आणि पब्लिक जास्त दिसतं. त्यामुळे किस्से साठवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. नाशकात बोलपट नवे होते तेव्हा एकाच पिक्चरने मला इतके दिले, की अजून सांगून संपत नाहीत!

पिक्चर तसा फर्स्ट क्लास. सासुरवाशीण नायिका पुरात वाहून जाते, घरचे हंबरडा फोडतात, दहावाही घालतात. आमचे मशीनवरचे ऑपरेटर इस्माईलभाई तर त्या पिक्चरच्या प्रेमातच पडले होते. पण शेवटच्या रिळात ती बाई चक्क परत येते! कशी वाचली, कुठे होती, काही नाही. सरळ दारात उभी!

पहिल्याच खेळाला बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. नायिका दारात आली तशा पंचवटीतल्या एक काकू ताडकन उठल्या.

"अगं बाई! लुगडंसुद्धा कोरडं?"

रडणारं थिएटर हसत सुटलं. इस्माईलभाई केबिनमधून खाली आले ते चेहरा पाडूनच.

---

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकेश्वरच्या एका भटजींनी बाहेर येऊन माझाच दंड धरला. "अरे, दहावा झाला हिचा! पिंडाला कावळा शिवलेला मी या डोळ्यांनी पाहिला!"

"गुरुजी, मी फक्त तिकिटं फाडतो."

"मग काय त्या कावळ्याला विचारू?"

---

लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी सहकुटुंब येऊन गेले. दुसऱ्या दिवशी एकटेच पुन्हा हजर! मला वाटलं, पिक्चर फार आवडला.

"नाय हो," ते म्हणाले, "काल शेवटाला दुसऱ्याच पिक्चरचं रीळ लागलं आसंल, म्हनून आलो."

---

रोज यायचे ते एकटे दगडूतात्या. तात्या म्हणजे गंगेवरचे, आमच्या गोदावरीवरचे, पट्टीचे पोहणारे. पुरात कोणी वाहून गेलं की लोक आधी त्यांच्या घरी धावायचे. कितीजणांना त्यांनी बाहेर काढलं, पण स्वतःची लेक सखू घाटावरून वाहून गेली ती त्यांना कधीच सापडली नाही.

मी एकदा न राहवून विचारलं, "तात्या, तुम्हीच सांगा, असं कधी होतं का?"

ते म्हणाले, "उद्या खेळ आहे ना?"



---

शेवटी इस्माईलभाईंनी मालकांना गाठलं. "नानासाहेब, एवढ्या चांगल्या पिक्चरची बेइज्जती मला बघवत नाही. शेवटचं रीळ लावूच नका!"

नानासाहेब तयार झाले. त्या दिवशी तीनच्या खेळाला नायिका बुडाली, घरचे रडले, आणि दिवे लागले. कोणी हसलं नाही. माणसं डोळे पुसत बाहेर पडली. इस्माईलभाई केबिनच्या खिडकीतून बघत होते, काय खूश!

थिएटर रिकामं झालं. पुढच्या बाकावर दगडूतात्या तसेच बसलेले.

"तात्या, खेळ संपला."

"संपला कसा? ती यायचीय अजून."

  नानासाहेब दारात उभे राहून ऐकत होते. मी वर पाहिलं. इस्माईलभाई खिडकीतून बाजूला झाले.

दिवे मालवले. शेवटचं रीळ सुरू झालं. एका माणसासाठी!

रीळ संपल्यावर तात्या सावकाश उठले. दारात माझ्यापाशी थांबले, माझा हात घट्ट धरला.

"बघितलंस ना? लुगडं कोरडं होतं रे पोरीचं!"