पळायला शिकलेली गाडी

मी आधीच सांगितलं होतं. पण माझं ऐकतं कोण? चौथी शिकलेली बाई, भाकरी थापणारी, तिला ट्रकमधलं काय कळणार! आता इच्छापोरच्या रस्त्याला आमच्या अंगणात चार गाडीवाले टेकले की हेच किस्से निघतात, आणि दर खेपेला एखादा वाढतो. म्हणून म्हटलं, खरे तेवढे मीच सांगते. किस्से नव्वदच्या दशकातले आहेत. माणसं अजून धडधाकट आहेत, खोटं वाटलं तर येऊन नाही म्हणावं!

*

ट्रक आमचा जुना. ओढायला दांडगा, पळायला म्हातारा. साड्यांच्या शेठनं सांगून ठेवलेलं, "जो गाडी सबसे तेज भागेगी, आखाजी का सब माल उसका." आखाजी म्हणजे आम्हा खानदेशींचा मोठा सण. लेकी माहेरी येतात, धुळ्याच्या बाजारात साड्या हातोहात जातात. तो माल मिळाला की आमचं वर्ष निघायचं. गेला की चूल थंड.

झालं! आमचे हे आणि ह्यांचा चुलतभाऊ नामा, जो गाडी चालवायचा, दोघं कतारगामच्या भिखुभाई मिस्त्रीकडे गेले. मागच्या चाकांच्या मधे मोठा गोळा असतो ना, त्यात दोन दातेरी चाकं असतात, क्राउन आणि पिनियन. ती बदलून दुसरी घातली की त्याच इंजिनात गाडी जास्त पळते, म्हणे.

भिखुभाई गाडी बघायला अंगणात आला, तेव्हा मी भाकरी थापता थापता विचारलं, "आणि चढावर?"

दर आखाजीला मी त्याच गाडीनं माहेरी जायची. कोंडाईबारीच्या घाटात ती पहिल्या गिअरला रडायची, आणि मी खाली उतरून चाकामागे लाकडी ठोकळा धरून चालायची. मला नाही कळणार तर कुणाला?

भिखुभाई हसला. "बेन, तमे रोटला संभाळो!"

हे म्हणाले, "संज्यानी माय, तुले काय समजस?" लग्न झाल्यापासून ह्यांनी माझं नाव कधी तोंडानं घेतलं नाही. आमच्यात घेत नाहीत. आधी अगं, मग ए, मग पोरगा झाल्यावर संज्यानी माय.

*

क्राउन बसला, नारळ फुटला. पहिल्या फेरीहून नामा तणतणत आला. "मिस्त्रीनं फसवलं! स्पीडचा काटा पहिल्याइतकाच चढतो!"

"मग इतक्या लवकर परत कसा आलास?" मी म्हटलं.

"रस्ता मोकळा होता, वहिनी."

काट्याची तार गिअरबॉक्समधून येते. मागे क्राउन बदलून चाकं जास्त फिरली, तरी काट्याला त्याचा पत्ताच नाही! नामा आपला काटा वर यावा म्हणून पाय दाबतोय, आणि गाडी हायवेवर बंदुकीच्या गोळीसारखी. पुढच्या फेरीला हवालदारानं बुलेटवरून पाठलाग करून अडवलं. नामानं काट्यावर बोट ठेवलं. "साहेब, बघा ना, किती कमी स्पीड आहे."

हवालदार धापा टाकत होता. म्हणाला, "तो मेरी बुलेट क्या खड़ी थी?"

*

मग बारडोलीला उसाची खेप. शेतातली मऊ माती, वर ऊस लादलेला, आणि गाडी जागची हलेना. क्लच जळाल्याचा वास शिवारभर. शेवटी शेतकऱ्यानं बैल जुंपले. ट्रक मागे, ट्रकच्या पुढे बैल, बैलांच्या पुढे नामा हात हलवत!

घरी येऊन नामानं काय सांगावं? "क्लच कच्चा होता."

क्लचप्लेट नवी टाकली. मी म्हटलं, "बैलांनी सांगितलं, ते तरी ऐका. जोर काढून वेग घेतलात तुम्ही. जुना क्राउन परत बसवा."

ह्यांनी रेडिओचा आवाज वाढवला.

*

आखाजी आली. माल आम्हालाच मिळाला. सपाटीवर आम्हीच सगळ्यांच्या पुढे होतो ना! मी कॅबिनमध्ये, मांडीवर माहेरी न्यायचा फराळ, पायाशी ठोकळा.

नामा म्हणाला, "वहिनी, ठोकळा कशाला आणला? अपशकून!"

नवापूरपर्यंत गाडी अशी पळाली की मलाच वाटलं, आपण चुकलो की काय. मग घाट लागला. नामा चौथ्यावरून तिसऱ्यावर, दुसऱ्यावर, पहिल्यावर आला. त्याच्या खाली गिअरच नाही! गाडी थरथरली, बंद पडली आणि मागे सरकायला लागली. मी उडी मारली, ठोकळा लावला. फराळ रस्त्यावर सांडला.

साड्यांचे अर्धे गठ्ठे उतरवून रस्त्याच्या कडेला ठेवले. अर्धा माल वर नेऊन टाकायचा, परत खाली यायचं, उरलेला भरायचा. मी गठ्ठ्यांवर राखण बसले. सकाळी ज्यांना मागे टाकून नामानं हॉर्न वाजवला होता, ते सगळे ट्रक एकेक करून आमच्या पुढून गेले. एकेकानं हॉर्न वाजवला. एकानं विचारलंसुद्धा, "बाई, साड्या काय भाव?"

धुळ्याला पोचलो तर बाजार उठलेला. शेठनं निरोप धाडला, आता माल मिळणार नाही.

*

मग आमच्या अंगणात पंचायत बसली. नामा म्हणे मिस्त्री चोर. भिखुभाई म्हणे माल जास्त भरला. ह्यांचं म्हणणं, शेठची नियत वाईट.

मी म्हटलं, "क्राउन!"

मग नामा म्हणाला, "दादा, गाडीला दृष्ट लागलीय."

बुडत्या माणसांना फळी सापडली! शेगडी पेटली. रीत तुम्हाला ठाऊक आहे. मिरच्या ओवाळून विस्तवावर टाकायच्या. ठसका लागला तर काही नाही, ठसका नाही लागला तर दृष्ट खरी. ह्यांनी ठरवलं, एकेकाचं नाव घेऊन टाकायच्या. ज्याच्या नावाला ठसका लागणार नाही, नजर त्याची.

मिरच्यांची पिशवी मीच दिली. वर्षभराची होती.

ट्रकला फेरी मारून ह्यांनी मूठभर टाकल्या. "शेठ!" सगळे खोकले. "भिखुभाई!" भिखुभाई सगळ्यात जास्त खोकला, डोळे लाल करून. "नामदेव!" नामा खोकत खोकत भिंतीला टेकला. "तो हवालदार!" "उसाचा मालक!" "त्याचे बैल!" अख्खी गल्ली खोकायला लागली.

धूर विरला. ह्यांनी पिशवीत हात घातला, पिशवी उलटी करून झटकली. एक देठसुद्धा पडला नाही. ह्यांनी तरीही मूठ बांधली, ट्रकला फेरी मारली, रिकामी मूठ विस्तवावर उघडली आणि लग्नानंतर पहिल्यांदा, चारचौघांत, खणखणीत आवाजात माझं नाव घेतलं.

कुणीच खोकलं नाही.

"सिंधू!"