बावीस पायऱ्यांचा हॉल

गुरुवार, १३ फेब्रुवारी. सकाळी साडेदहाला समितीच्या आम्ही तिघी जुन्या हॉटेलात. हॉल पहिल्या मजल्यावर. तीनशे खुर्च्या मावतात, आवाज शेवटच्या ओळीपर्यंत स्वच्छ. जिना संगमरवरी, बावीस पायऱ्या, मध्ये एक वळण. लिफ्टचं दार तेवीस इंच. वर जायला दुसरा मार्ग नाही. चहा उत्तम. येताना साबण आणि काड्यापेट्या आणल्या.

ही नोंद डायरीत आहे तशीच उतरवली आहे. तिच्यातलं एक वाक्य खोटं आहे. ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण असायला हवं होतं, कारण त्याचा पुरावा माझ्याच कपाटात होता.

ते हॉटेल शहरातलं सगळ्यात जुनं. त्याच्या हॉलमध्ये माझे धाकटे दीर बेचाळीस वर्षं नोकरीला होते. अठराव्या वर्षी उष्ट्या बशा उचलायला लागले आणि पुढे हॉलचे प्रमुख झाले. कंपन्यांच्या सभा, डॉक्टरांच्या परिषदा, निरोपसमारंभ, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. दोन खुर्च्यांमधलं अंतर ते चार बोटांनी मोजत, आणि टेबलक्लॉथ चारी बाजूंनी सारखा लोंबतो की नाही ते गुडघ्यावर बसून बघत. हॉटेलातली माणसं त्यांना 'फूटपट्टी' म्हणायची. माझी डायरी लिहायची सवय बघून हे म्हणायचे, "आमच्या घराण्यात फूटपट्ट्या दोन. एक सख्खी, एक लग्न करून आणलेली."

भाऊजींचं लग्न झालं नाही. सुट्टीचा वार मंगळवार, आणि मंगळवारी जेवायला आमच्याकडे. हे गेल्यावरही तो नेम मोडला नाही. त्यांच्या खिशात बाटलीच्या बुचाच्या कापलेल्या चकत्या असत. कुठे टेबल डुगडुगताना दिसलं की न बोलता खाली वाकायचे आणि योग्य जाडीची चकती पायाखाली सरकवायचे. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाखालीही एक आहे, डाव्या पायाशी.

कार्यक्रमाच्या दिवशी पाहुणे यायच्या आधी ते हॉलमधल्या प्रत्येक खुर्चीवर एकदा बसून बघत. बोलणारा माणूस तिथून दिसतो का, खांब आड येतो का, पंख्याचा वारा मानेवर येतो का. मी एकदा विचारलं, "तीनशेच्या तीनशे?"

"तीनशेवा पाहुणा काय फुकट आलेला असतो, वहिनी?"

त्या सगळ्या खुर्च्यांवर ते हजारो वेळा बसले असतील. पाहुणा म्हणून एकदाही नाही.

त्या वर्षी आमच्या कॉन्व्हेंट शाळेला शंभर वर्षं होत होती. माजी विद्यार्थिनींचा तीन दिवसांचा मेळावा डिसेंबरात घ्यायचा ठरला. जागा निवडायला तिघींची समिती: अध्यक्ष म्हणून निवृत्त न्यायाधीशबाई, माझ्याच वर्गातली दातांची डॉक्टर, आणि अक्षर चांगलं म्हणून मी. यादीत शेवटी दोनच नावं उरली. एक हे जुनं हॉटेल आणि दुसरं विमानतळाच्या रस्त्यावरचं नवं, सगळं काचेचं. भाऊजींचं नातं मी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस. आता जे दिसेल तेवढंच लिही."

आमच्या जुन्या मदर सुपीरिअर तेव्हा एक्याण्णव वर्षांच्या होत्या आणि चाकांच्या खुर्चीवर असायच्या. त्या आल्या नाहीत तर मेळाव्याला अर्थ नाही, यावर दोनशे ऐंशी बायकांचं एकमत होतं. एवढं एकमत आमचं शाळेत कधी झालं नव्हतं.

आम्ही बघायला जाणार त्याच्या आधीच्या मंगळवारी भाऊजी जेवायला बसले आणि पाण्याचा पेला उगाच गोल फिरवत राहिले.

"मालक बदललेत," ते म्हणाले. "हॉलला काम कमी आहे, म्हणतात. मध्ये भिंती घालून अकरा खोल्या काढायच्या आहेत. तुमचं तीन दिवसांचं आलं, तर वर्षभर हात लावणार नाहीत. तसं म्हणालेत मॅनेजर."

"आणि नाही आलं तर?"

"तर खोल्या." मग घाईने म्हणाले, "मी भीड घालायला सांगत नाहीये, वहिनी. तुम्ही या, बघा, आणि जे असेल ते लिहा. हॉल स्वतःचं स्वतः बोलेल."

गुरुवारी हॉल खरोखरच बोलला. लाकडी जमीन आरशासारखी पुसलेली होती. उंच खिडक्यांमधून ऊन येऊन टेबलांवर पडलं होतं. भाऊजी काळ्या कोटात दारात उभे होते आणि मला "या, मॅडम" म्हणाले. मला हसू आलं, त्यांना आलं नाही. डॉक्टरबाई शेवटच्या ओळीत जाऊन बसली आणि अध्यक्षीणबाईंनी व्यासपीठावरून हळू आवाजात तिचा वर्गातला जुना किस्सा सांगितला. "शब्दन् शब्द ऐकू आला," ती तिथूनच म्हणाली, "आणि तो खोटा आहे."

मग मदरचा प्रश्न निघाला. मी पायऱ्या मोजल्या. लिफ्ट जुनी, पितळी जाळीच्या दाराची, देखणी. दार मोजायला टेप हवी होती. ती भाऊजींनीच कोटाच्या खिशातून काढून माझ्या हातात दिली. तेवीस इंच. मदरची खुर्ची पंचवीस.

"चौघांनी खुर्चीसकट उचललं तर?" डॉक्टरबाईने विचारलं.

"बावीस पायऱ्या?" अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "मदर म्हणजे काय कपाट आहेत?"

मी भाऊजींकडे वळले. "वर यायला दुसरा मार्ग आहे का?"

त्यांनी एकदा जिन्याकडे पाहिलं. "पाहुण्यांसाठी हाच, मॅडम."

मी लिहिलं: दुसरा मार्ग नाही. 'पाहुण्यांसाठी' हे शब्द मी गाळले. मोजकं लिहायची सवय मला सिस्टरांनी लावली होती. शिवाय दिरासाठी शब्द मऊ केले असं कुणी म्हणायला नको, हेही मनात होतं. एरवी मी आणखी दोन प्रश्न विचारले असते.

पुढच्या बैठकीत माझं टिपण वाचून दाखवलं गेलं. नव्या हॉटेलात सगळं एका पातळीवर होतं. चर्चेला दहा मिनिटंही लागली नाहीत. मंगळवारी मी भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. मदर महत्त्वाच्या." आणि भात मागून घेतला.

तीन आठवड्यांनी माझा घोटा दुखायला लागला. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी कधी मोडला होता? वर्ष आठवेना. घरी येऊन जुन्या डायऱ्या काढल्या. एकतीस वर्षांपूर्वीची नोंद सापडली: "पायाला प्लास्टर. भाऊजींनी हॉल दाखवायला नेलं. यांनी चाकांची खुर्ची ढकलली. मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून, मालाच्या लिफ्टने थेट हॉलच्या मागे. लिफ्ट एवढी मोठी की पलंग मावेल. सोबत पावाचे ट्रे आणि धुतलेल्या टेबलक्लॉथची गाठोडी. एकही पायरी नाही."

मी ते तीनदा वाचलं. मग अध्यक्षीणबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "अगं, करार झाला, पत्रिका छापून आल्या," त्या म्हणाल्या. "आणि तो माणूस स्वतः का नाही बोलला?"

मंगळवारी मी भाऊजींसमोर ती डायरी उघडून ठेवली. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचली.

"लिफ्ट अजून आहे?"

"आहे की. रोज चालते."

"मग बोलला का नाहीत? तुमचा हॉल जात होता, भाऊजी."

"मदरना कसं नेणार होतो, वहिनी? कांद्याच्या पोत्यांमधून? भांडी घासणाऱ्यांसमोरून? बेचाळीस वर्षांत एक पाहुणा त्या दाराने आणला नाही मी."

"मला आणलं होतंत."

त्यांनी डायरी मिटून माझ्याकडे सरकवली. "तुम्ही घरच्या होतात."

मदरनी आयुष्यभर बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात उभं राहून मुलींची भांडी मोजून घेतली होती. कांद्याच्या पोत्यांनी त्यांचं काही बिघडलं नसतं; उलट कांदे कसे आहेत ते त्यांनी बघितलं असतं. हे मी भाऊजींना त्या दिवशी सांगितलं नाही. सांगून फक्त त्यांना छळलं असतं.

मे महिन्यात हॉलमध्ये भिंती उभ्या राहिल्या. खुर्च्या विकायला काढल्या तेव्हा भाऊजींनी त्या दहा-दहाच्या गठ्ठ्यांत सरळ रचून दिल्या. त्यांना खाली सामान ठेवायच्या काउंटरवर बसवलं गेलं. पंधरा दिवसांनी त्यांनी नोकरी सोडली. आता सातही वार मोकळे होते, तरी ते मंगळवारीच यायचे. मी म्हटलं, "गुरुवारीही या की." म्हणाले, "सवय नाही." जेवून झाल्यावर पूर्वी हॉटेलातले किस्से सांगायचे, आता वर्तमानपत्र वाचत बसायचे. ऑगस्टमध्ये, एका शुक्रवारी, झोपेतच गेले. त्यांच्या काळ्या कोटाच्या खिशात टेप होती आणि रुमालात बांधलेल्या नऊ चकत्या.

डिसेंबरात मेळावा झाला. नवं हॉटेल चोख होतं, खोटं कशाला सांगू? मदर खुर्चीवरून थेट टेबलापर्यंत आल्या, दोनदा आइस्क्रीम घेतलं आणि सत्तर वर्षांच्या बायकांना ताठ बसायला सांगितलं. मी त्यांच्या शेजारी होते. मी त्यांना भाऊजींची आणि त्या लिफ्टची गोष्ट सांगितली. ऐकताना त्यांनी चमचा खाली ठेवला.

"वेडा माणूस," त्या म्हणाल्या. "मी आले असते. तू मला का नाही विचारलंस?"

दोन फूटपट्ट्यांपैकी एकीलाही ते सुचलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. टेबल डुगडुगत होतं. कप हलून बशीत चहा सांडला. वाढणारी मुलं चटपटीत होती, त्यांनी लगेच बशी बदलून दिली. खाली कुणी वाकलं नाही.

त्या दिवशी डायरीत मेळाव्याची उपस्थिती लिहिली, दोनशे चौसष्ट. खाली लिहिलं: घरी साडेसहाला. दूध तापवलं. स्वयंपाकघराचा केर काढला. टेबलाच्या डाव्या पायाजवळचा, चकतीभोवतीचा, तसाच ठेवला.