टिटवाळ्यातला वेल्सचा गुत्ता

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने टिटवाळ्यात वेल्समधला एक जुना गुत्ता बांधायला काढला.

टिटवाळ्यात! गणपतीच्या गावात! आणि बांधून कोण देणार? तर मी! तीस वर्षं डोंबिवलीत बांधकामावर सुपरवायझर म्हणून उन्हात उभा राहिलेला आणि सत्यनारायणाच्या तीर्थापलीकडे काहीही न प्यायलेला माणूस!

"दादा, दारू नाही हो ठेवणार. फक्त इमारत तशी हवी," अजित फोनवर म्हणाला. नोकरीच्या निमित्ताने तो वेल्सच्या एका खेड्यात सहा वर्षं राहिला. तिथला चारशे वर्षांचा पब आणि त्याला चिकटून उभं असलेलं, तो भाड्याने राहायचा ते छोटंसं कॉटेज, या जोडीच्या तो प्रेमात पडला. (माझ्या बहिणीच्या इतका पडलेला मी तरी पाहिला नाही.) पबाचा होणार होता दिवाणखाना आणि कॉटेजमध्ये राहणार होती त्याची आई.

"इंच न् इंच मोजून नकाशा पाठवतोय," तो पुढे म्हणाला, "आणि प्लीज, या वेळी डोकं वापरू नका."

या वेळी! त्यांच्या कळव्याच्या फ्लॅटमध्ये मी स्वयंपाकाचा ओटा चार इंच उंच करून घेतला होता, त्याचं हे उट्टं! (बहीण बुटकी आहे, हे ऐनवेळी लक्षात राहिलं नाही.) माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठीक आहे. नाही वापरत डोकं!

नकाशा आला. चारशे वर्षांत ती इमारत जिथे जिथे खचली, वाकली, फुगली होती, ते सगळं त्यात इमानेइतबारे काढलेलं होतं. छपराचा कणा मध्येच सहा इंच दबलेला. दोन फूट जाडीची दगडी भिंत, तीही पोट सुटलेली. कॉटेजचं दार जेमतेम पाच फूट. पबातून कॉटेजमध्ये जायला तीन पायऱ्या, तिन्ही वेगवेगळ्या उंचीच्या!

आमचा गवंडी बाबू टिटवाळ्याचाच. ओळंबा हातात धरून तो रडकुंडीला आला.

"सायेब, भिंत वाकडी चाललीय."

"चालू दे. नकाशात आहे."

"छप्पर मधी बसतंय."

"बसू दे! नकाशात आहे!"

"लोकं विचारतील ना कोणी बांधलं! मला पोरीचं लगीन जमवायचंय!"

"माझं नाव सांग!" मी ओरडलो.

तीस वर्षांत माझी एकही भिंत ओळंब्याबाहेर गेली नव्हती. ती सगळी अब्रू मी या गुत्त्यावर लावली, कारण मला एकच गोष्ट हवी होती. अजितने यावं, हे ध्यान बघावं आणि चारचौघांत हात जोडून म्हणावं, "दादा, तुमचंच डोकं बरं होतं!"

वास्तुशांतीच्या सकाळी अजित आला, कॉटेजच्या दाराला कपाळ आपटून मटकन खाली बसला. डोळ्यांत पाणी!

"लागलं ना?" मी आनंदाने विचारलं.

"दादा, अगदी तस्संच बांधलंत! तिथेही रोज लागायचं!"

आणि त्याने मला मिठी मारली! माझ्या सरळ भिंतींना जन्मात कोणी बरं म्हटलं नाही आणि या पोटसुट्या भिंतीला मिठी? मी आतल्या आत धुमसत पूजेला बसलो.

गुरुजींनी कॉटेजमध्ये पाट मांडला, तांदळावर सुपारीचा गणपती ठेवला. सुपारी हलली. पाटावरून उतरली, फरशीवरून घरंगळत निघाली आणि तिन्ही पायऱ्या टणटण उतरून थेट पबात! गुरुजींनी उचलून आणली, पुन्हा मांडली. पुन्हा पबात!

"अगं बाई, देव गुत्त्यात गेला!" अजितची आई किंचाळली. "कोणी बांधलं हे?"

हाच तो क्षण! मी ताडकन उठलो, नकाशा सगळ्यांसमोर पसरला. "बघा! मी डोकं वापरलेलं नाही! हा दबलेला कणा, ही फुगलेली भिंत, या पायऱ्या! विचारा तुमच्या मुलाला!"

अजितने कपाळावरचं टेंगूळ चोळत नकाशात डोकं घातलं. "पण दादा, फरशीचा उतार कुठाय?"

मी बोट फिरवलं. फरशीची रेघ अगदी सरळ होती. चारशे वर्षांत त्या इमारतीत जागची न हललेली तेवढी एकच गोष्ट!

"बाबू!" मी गरजलो. "फरशी कोणी वाकडी केली?"

बाबू खाली बघत हळूच म्हणाला, "सायेब, भिंती माझ्या. फरशीला तुम्ही मला हातच नाय लावू दिला. म्हणालात, या घरात एक तरी काम माझ्या अनुभवाचं होऊ दे."