डावा कान आणि कॉन्चेर्टोचा दुसरा भाग

“छह दिन?” ऑडिओमेट्रीचा कागद बघत डॉक्टर म्हणाले, “पहले दिन आना था।”

ऑडिओमेट्री म्हणजे बंद खोलीत बसवून, बारीक आवाज ऐकवून केलेली कानांची तपासणी. माझ्या डाव्या कानाची रेघ पार तळाला गेली होती. सडन सेन्सॉरिन्यूरल हिअरिंग लॉस, म्हणजे आतला कान किंवा त्याची नस अचानक काम थांबवते. कारण बहुतेकदा सापडत नाही.

सर्दीनं दडा बसला असेल असं समजून मी सहा दिवस वाफ घेत ऑफिसला जात होते. गुडगावात नवे टॉवर उठत होते, माझी नोकरीही नवीच, रजा मागायची हिंमत नव्हती. तुम्ही असं करू नका. त्याच दिवशी कान दाखवा.

स्टेरॉइड सुरू झाली. झोप उडाली, चेहरा सुजला. घरचे दोन जिने चढताना मी मध्येच बसायची. शिवाय टिनिटस, म्हणजे कानातल्या कानात वाजणारा आवाज. माझा कुकरच्या शिट्टीसारखा, न थांबणारा.

सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. रोज चार वाजता ते एकोणिसाव्या शतकातल्या, रोमँटिक काळातल्या एका पियानो कॉन्चेर्टोची, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी तीन भागांत बांधलेल्या पाश्चात्य रचनेची, कॅसेट लावत. आता रजा घ्यावीच लागली, त्यामुळे मीही घरीच. पहिल्या भागात ऑर्केस्ट्रा उसळला की डोकं ठणकायचं. पियानोचा एकच सूर दोन कानांत दोन वेगळ्या उंचीचा, बेसूर.

“आप्पा, बंद करा ना!” एकदा मी रडतच ओरडले.

त्यांनी कॅसेट पुढे पळवली. “दुसरा भाग ऐक. त्यात गर्दी नाही.”

खरंच नव्हती. एक क्लॅरिनेट, मागे हलकी व्हायोलिनं, आणि सावकाश चालणारा पियानो. मी बसून राहिले. आठवडाभर आम्ही तेवढंच ऐकलं.

मग तिसरा, जलद भाग. “मुखडा फिरून फिरून येतो बघ,” आप्पा म्हणाले. “तेवढा धर, बाकी सोड.”

पहिला भाग सगळ्यांत शेवटी, तोही शेवटाकडून. तिथं ऑर्केस्ट्रा गप्प होतो आणि पियानो एकटाच वाजतो, त्याला कडेन्झा म्हणतात. तो ऐकणं जमल्यावर रोज थोडं आणखी आधीपासून सुरुवात करायची.

दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी. खालचे सूर बरेच परतले होते, वरचे नाही. “इतना ही आएगा,” डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन आप्पांना म्हटलं, “पहिला भाग मला आता कधीच पूर्ण ऐकू येणार नाही.”

“मला तरी कुठं येतो?” ते म्हणाले. “झाली की दहा वर्षं.”

“सांगितलं का नाहीत?”

“तू दमून यायचीस. परत बोल म्हटलं की चिडायचीस.”

चिडायची मी, खरं होतं ते.

अजूनही मी दमूनच घरी येते. पण आप्पांनी “काय?” म्हटलं, की पर्स खाली ठेवते, त्यांच्या समोर बसते आणि तेच पुन्हा सांगते.