चेअरमननी उरकलेली ॲसिडची टेस्ट

कॉम्प्युटरवर ग्राफ उघडला आणि माझं डोकंच फिरलं. अख्ख्या दिवसरात्रीचा ग्राफ, आणि ॲसिड जवळजवळ नाहीच. ज्या बाईला रोज घशापर्यंत जळजळतं, झोपेतून उठून बसावं लागतं, तिचा ग्राफ असा?

"क्लीन आला ना मॅडम?" मागून चेअरमन. निरगुडसरकडच्या एका वस्तीवरचे हे गृहस्थ, तिथल्या दूध डेअरीचे चेअरमन. पेशंट त्यांची बायको, सुनंदाताई. त्या खाली मान घालून बसलेल्या.

मी मंचरच्या एका खासगी हॉस्पिटलात टेक्निशियन आहे. ही टेस्ट मीच करते. लोक उगाच घाबरतात, म्हणून सांगते. नाकातून जाड शेवईएवढी नळी अन्ननलिकेत सोडायची. पोटातलं ॲसिड किती वेळा वर येतं, ते ती मोजते. घालताना उमासे येतात, डोळ्यांत पाणी येतं, पण घोटघोट पाणी पीत गिळली की झालं. नळी गालाला चिकटवायची, कमरेला मोबाइलएवढं मशीन लावायचं आणि घरी जायचं. जळजळलं, खाल्लं, आडवं झालं की बटण दाबायचं. आंघोळ तेवढी नाही. दुसऱ्या दिवशी नळी सर्रकन निघते.

अटी दोनच. ॲसिडची गोळी आठवडाभर आधी बंद, आणि टेस्टच्या दिवशी रोजच्यासारखं खायचं, रोजच्यासारखं राबायचं. दोन्ही अटी मी चेअरमनना बजावून बजावून सांगितल्या होत्या.

"काल काय खाल्लं ताईंनी?"

उत्तर अर्थात चेअरमनचं. "दूध-केळं. तिखटाला हात लावू दिला नाय. गोठ्यात पाय नाय, वाकायचं काम नाय. दिवसभर खुर्चीत बसवली."

"आणि गोळी?"

"चालूच ठेवली की! नायतर जळजळ दिसली आसती ना मशिनीत!"

अरे देवा! या माणसाने जन्मभर एकच विद्या कमावलेली. साहेब तपासणीला यायचा म्हटलं की डेअरी धुवायची, चुना मारायचा, साहेबाला पोहे चारायचे आणि चांगला शेरा घ्यायचा. बायकोच्या पोटाचंही त्याने तेच केलं. वर शहाणा छाती काढून उभा.

हसून सोडून दिलं असतं. पण तो पुढे म्हणाला, "मी म्हणतच व्हतो, हिला काय बी झालेलं न्हाई. निस्ती नाटकं. माझी आई बी तेच म्हणती. आता रिपोर्टच आला, औषधं बंद."

हा कागद घरी गेला असता तर त्या बाईचं दुखणं कायमचं खोटं ठरलं असतं. मला संताप आवरेना. तशीच आमच्या डॉक्टर सरांकडे गेले.

सर म्हणाले, "नॉर्मल दिसतंय. सही करू?"

"सर, ही टेस्ट पेशंटची नाही, चेअरमनची झालीय." सगळं सांगितलं. सरांनी पेन खाली ठेवलं. "गोळी बंद करून पुन्हा घ्या."

चेअरमन हबकले. "परत? आन् खराब आला म्हंजे?"

"असेल तर येऊ द्या ना खराब! त्यासाठीच तर टेस्ट असते!"

पुढच्या वेळी त्यांना बाहेर बसवलं आणि ताईंनाच विचारलं, "रोज काय करता?"

"पहाटं उठून शेणकूर, धारा. मग च्या, भाकर, ठेचा. दुपारी खुरपायला."

"तेच सगळं करायचं."

"ह्ये नाकात घालून? बाया हसतील वो."

"हसू द्या."

दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा मशीनच्या पट्ट्यावर शेणाचे शिंतोडे होते. मला इतकं बरं वाटलं! खुरपायला वाकल्या की ॲसिड वर, आडव्या झाल्या की वर. बटणंही नेमकी तिथेच दाबलेली. सरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "आजार खरा आहे आणि जुना आहे. औषध नीट चालू करू. नाही भागलं तर ऑपरेशनचा विचार करू."

"म्हंजे... फेल?" चेअरमन.

ताई पहिल्यांदाच आपणहून बोलल्या. "फेल न्हाई. मला खरंच दुखत व्हतं." डोळे पुसले आणि नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलं ना? आता घरी गेल्यावर सासूबाईंना तुमीच सांगायचं. माझ्यासमोर."

चेअरमन चपला शोधू लागले.

तेव्हा या टेस्टला यायचं असेल तर डॉक्टर सांगतील तशी गोळी बंद करा, रोजचंच खा, रोजचंच काम करा. आणि जमलं तर नवऱ्याला घरी ठेवून या.