पालखी थांबते ते ओस जोतं

"अगं ऊठ तिथनं! त्या जोत्यावर सगळं घर मेलंय."

कमरेत वाकलेली एक म्हातारी कुंपणाआडून ओरडत होती. मी उठले नाही. पाय सुजले होते आणि त्या पोफळीच्या वाडीत बसायला तेवढंच जोतं (घराचा चौथरा) होतं.

"कोण मेलं?" मी विचारलं.

"सगळी. पटकीच्या साथीत. पोराबाळांसकट. कोण उरलं न्हाय."

मी आजोळ शोधत आले होते. आई लहान असताना दिघीच्या एका कोळणीने तिला होडीत घालून खाडीपार आणलं आणि रेवदंड्याकडच्या मूलबाळ नसलेल्या एका शेतकऱ्याच्या घरी दिलं. आईला गावाचं नाव सांगता येत नव्हतं. दारातलं उंडीचं झाड आणि शिमग्यात त्याच्याखाली थांबणारी पालखी, एवढंच तिला आठवे. गेल्या वर्षी ती वारली. जाताना म्हणाली, "माझ्या माहेरच्या देवीची ओटी भर." कुठली देवी, ते तिलाही ठाऊक नव्हतं. शिमग्यात पालख्या बाहेर पडतात, म्हणून मी खण, नारळ आणि तांदूळ घेऊन तेव्हाच निघाले.

मुरुडपर्यंत एस.टी.ने हाडं खिळखिळी केली. आगरदांड्याला ओहोटी होती. लुगडं खोचून चिखलातून होडीकडे जाताना एक चप्पल आतच राहिली. दुसरी मी खाडीत फेकली.

"आजी, दुसरी कशाला टाकलीस?" होडीवाला हसला. "भरती आली की पयली येईल ना शोधत."

"ती येईपर्यंत मी मरेन. तू होडी हाक."

दिघीहून बोर्ली पंचतनपर्यंत बैलगाडी मिळाली. बाजारात चहा घेतला आणि शिळा पाव खाल्ला. तिथून दिवेआगरच्या बाजूला वाडी-वाडी विचारत अनवाणी चालले. एका अंगणात सुपारी सोलणारा माणूस म्हणाला, "कूळकायदा आल्यापासून लय जणांना आजोळ आठवतंय. वाडी पायजे काय, आजी?"

"वाडी तुलाच लखलाभ. पाणी दे."

पाणी दिलं. वाट सांगितली नाही.

ऊन कलताना हे जोतं दिसलं, समोर उंडी. मला आनंद वगैरे झाला नाही. बसायला मिळालं, एवढंच वाटलं. तेवढ्यात ती म्हातारी ओरडली. तिचं नाव बायजा.

मग ढोल वाजत आले. पालखी जोत्यापुढे थांबली.

"घर नाही, मग थांबली कशाला?" मी बायजाला विचारलं.

"मान हाय त्या घराचा. ओटी भरायला कोण न्हाय, पण नारळ गाव देतो."

गावकाराने (गावच्या मानकऱ्याने) नारळ फोडला आणि गाऱ्हाणं (देवीला मोठ्याने घातलेलं साकडं) घातलं. "आये, म्हादू गेला, त्याची बायकू गेली, पोरगे गेले, चिमी गेली. त्यांचा नारळ गोड मानून घे!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

चिमी माझी आई. शेतकऱ्याच्या घरीही तिचं नाव तेच राहिलं होतं.

"चिमी गेली नाही," मी म्हणाले. ढोल थांबले. "म्हातारी होऊन मेली, गेल्या वर्षी. मी तिची मुलगी."

"कशावरनं?" गावकार म्हणाला.

"डाव्या करंगळीचं एक पेर नव्हतं तिला. लहानपणी अडकित्त्यात बोट घातलेलं."

बायजा कुंपण ओलांडून आली आणि माझं तोंड निरखू लागली. "माज्या म्होरं घातलं, मेलीनं. रगत बघून मीच जास्त रडले." मग गावकाराकडे वळली. "पटकी आली तशी आमी रानात पळालो. परत आलो तर चिमीचं काय दिसलं न्हाय. कोल्ह्यानं नेली म्हणून धरलं."

माझे ओटीचे तांदूळ चिखलात भिजले होते. बायजाने घरचे आणले. मी जोत्यावर उभी राहून देवीची ओटी भरली.

गावकाराने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. चिमीपाशी अडला. "काय म्हनू, आजी?"

"खरं ते म्हण."

परतीच्या होडीत तोच होडीवाला होता. माझी चप्पल काही सापडली नव्हती. एवढी वाट पुन्हा चालण्याचं बळ माझ्यात नाही आणि तिथे बघण्यासारखंही फार नाही. एक जोतं आहे, एक झाड आहे. आजोळ म्हणायला तेवढं पुरे. त्या घरातली सगळी पटकीत गेली. चिमी जगली.